डी आलं ११, पण ताटात कॅल्शियम किती आहे?

दोडक्याची_शीर | ३ मार्च, रात्री ९:४०

मंडळी, वय ४४, ठाणे, बसून करायची नोकरी. दोन महिने नडग्या ठणकत होत्या, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. "वजन वाढलंय तुझं" हे घरगुती निदान ऐकून कंटाळले आणि डॉक्टरकडे गेले. २५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (शरीरातल्या डीच्या साठ्याची चाचणी) ११ आलं, म्हणजे फारच कमी. रक्तातलं कॅल्शियम ९.३, म्हणजे नॉर्मल. दर रविवारी ६०,००० युनिटचं एक पाकीट दुधातून, आठ आठवडे. "आणि आहारात कॅल्शियम वाढवा," एवढं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता 'वाढवा' म्हणजे किती? मी सध्या किती खाते हे त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. म्हणून तीन दिवस वजनकाटा घेऊन बसले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते समोर ठेवले आणि प्रत्येक जिन्नस कच्चा मोजला. नवरा म्हणाला, सोनाराच्या दुकानात जेवल्यासारखं वाटतंय.

दोन कप चहातलं १२० मिली दूध: १४५ मिलिग्रॅम. दिवसभराच्या पाच पोळ्या: ४०. वरण: २०. भात: ४, हो, चार. फ्लॉवर किंवा वांग्याची भाजी: ४०. दाण्याचं कूट, पोहे, वर भुरभुरलेली कोथिंबीर असं सगळं मिळून ३५-४०. बेरीज २८५ च्या आसपास. वाटीभर दही खाल्लं त्या दिवशी ४२५. आणि गरज? २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला १०००. त्याआधी ६०० होती, तिथेही मी नापासच.

नुसतं दूध प्यायलं की माझं पोट बिघडतं. गोळ्या न घेता, आपल्या रोजच्या जेवणातून १००० होतात का? कुणी खरंच मोजून बघितलंय?

खारी_बिस्कीट | ३ मार्च, रात्री ९:५२

भात ४!!! आणि मी जन्मभर भातावर पोसलेला. माझी हाडं बहुतेक खडूची आहेत. (खडू म्हणजे कॅल्शियमच ना? मग ठीक आहे.)

आप्पा_बिनसाखर | ३ मार्च, रात्री १०:१५

आमच्या लहानपणी ही डी-बी काही नव्हती. सकाळी कोवळ्या उन्हात बारा सूर्यनमस्कार घालायचे, पेलाभर दूध प्यायचे आणि शाळेत पळायचे. आज वय ७३, एक हाड मोडलेले नाही. तुम्ही सकाळी साडेसहाला उठून पूर्वेकडे तोंड करून वीस मिनिटे बसा. पाकिटे बंद करा. हे सगळे प्रयोगशाळांचे अर्थकारण आहे.

सहाण | ३ मार्च, रात्री ११:०५

आप्पा, सूर्यनमस्कार चालू ठेवा, पण त्यातून डी मिळत नाही. कातडीत डी तयार व्हायला उन्हातला यूव्हीबी हा भाग लागतो. सूर्य खाली असताना किरण तिरपे, हवेच्या जाड थरातून येतात आणि यूव्हीबी वाटेतच गळतो. सोपी खूण म्हणजे तुमची सावली तुमच्यापेक्षा लांब असेल तर डी जवळपास शून्य, आखूड असेल तर चालू. म्हणजे आपल्याकडे साधारण सकाळी दहा-अकरा ते दुपारी तीन. खिडकीची काच बंद असेल तर तेही नाही, काच यूव्हीबी अडवते. सावळ्या कातडीला गोऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हात-पाय उघडे हवेत, नुसतं तोंड दाखवून भागत नाही.

दोडक्याची_शीर, पाकिटं अजिबात बंद करू नका. ११ आणि मांड्यांचा अशक्तपणा हे एकत्र असेल तर ते मनावर घ्यायचं. कॅल्शियमबद्दल सवडीने लिहितो, ओपीडी संपवून आत्ता आलोय.

खारी_बिस्कीट | ३ मार्च, रात्री ११:११

दुपारी बारा वाजता सोसायटीच्या गच्चीवर चड्डी-बनियनवर वीस मिनिटं बसलो तर डी येईल की नाही माहीत नाही, सेक्रेटरी नक्की येईल.

कुरडईवाली | ४ मार्च, सकाळी ७:३०

@खारी, त्यावर आमच्या पिढीकडे उपाय होता. वाळवणं. पापड-कुरडया घातल्या की गच्चीवर कावळे हाकत दुपारभर बसायचं काम पोरांना. सावली शोधली की आजी ओरडायची. आता कुरडया पाकिटातून येतात आणि डी पण पाकिटातून.

तरी खरं सांगायचं तर आजी स्वतः नऊवारीवर आजोबांचा जुना शर्ट चढवून, डोक्यावर पंचा घेऊन बसायची. तिला कुठला मिळत होता डी!

वैशाखी_वणवा | ४ मार्च, सकाळी ९:०२

नागपूरहून लिहितेय. मे महिन्यात दुपारी अकराला उन्हात बसा म्हणणाऱ्यांनी एकदा इकडे यावं. पन्हं मी देते, ॲम्ब्युलन्सचं तुम्ही बघा.

सहाण | ४ मार्च, दुपारी २:२०

मान्य. नागपूरने मे महिन्यात सूट घ्यावी, डिसेंबरात वसुली करावी. महाराष्ट्र विषुववृत्तापासून इतका दूर नाही की हिवाळ्यात यूव्हीबी बंद पडेल.

आता कॅल्शियम. रिपोर्टमध्ये ९.३ आलं म्हणून "माझं कॅल्शियम नॉर्मल आहे" असं बरेच जण समजतात. तो आकडा तुम्ही काय खाता हे सांगतच नाही. रक्तातलं कॅल्शियम जरा खाली-वर झालं तर हृदय आणि स्नायू बिघडतील, म्हणून शरीर ते काहीही करून जागेवर ठेवतं. मानेत थायरॉइडच्या मागे डाळीएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. ताटातून कमी आलं की त्या हाडांतून काढून रक्तात भरतात. रिपोर्ट छान येतो, हाड झिजतं.

डी कमी असेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १०-१५ टक्के आत शिरतं. डी पुरेसा असेल तर ३० च्या पुढे जातं. हे सगळ्यांना माहीत असतं. उलटी बाजू मात्र कुणी सांगत नाही. कॅल्शियम सतत कमी खाल्लं की त्या ग्रंथी चवताळतात, मूत्रपिंड डीचं कार्यकारी रूप जास्त बनवू लागतं आणि त्याच्या जोरावर साठ्यातला डी लवकर मोडून बाहेर पडतो. म्हणजे कमी कॅल्शियमचं ताट स्वतःच डी संपवतं. तिरुपतीच्या डॉक्टरांनी आंध्रातल्या गावांतून यावर काम केलंय. तिथे ऊन भरपूर, शेतात राबणारी माणसं, तरी डी हवा तसा नाही. ताटात कॅल्शियम कमी आणि फायटेट, म्हणजे कॅल्शियमला धरून ठेवणारं धान्यातलं द्रव्य, जास्त. त्यामुळे आठ पाकिटं घेऊन डी चढेल, पण ताट तेच २८५ चं राहिलं तर पुढच्या वर्षी तुम्ही याच धाग्यावर परत याल.

दोडक्याची_शीर | ४ मार्च, दुपारी ३:०१

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओततेय मी.

औषधाविना | ४ मार्च, सायं. ६:४५

डॉक्टरसाहेब, आदर आहे, पण जरा दुसरी बाजू. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर 'व्हायटल' चाचणी झाली, रोज २००० युनिट डी. २०२२ साली निकाल आला की हाडं मोडण्याचं प्रमाण काडीमात्र कमी झालं नाही. आणि २०२४ मध्ये तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीने (हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना) सांगितलं की निरोगी माणसाची डी चाचणी सरसकट करू नका. इथे मात्र 'फुल बॉडी पॅकेज'मध्ये डी घुसडलेला असतोच. अर्ध्या देशाला आजारी ठरवलं की धंदा आपोआप होतो.

सहाण | ४ मार्च, रात्री १०:३०

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी स्वतः धडधाकट माणसाला ही चाचणी लिहून देत नाही. पण 'व्हायटल'मध्ये लोक डी कमी आहे म्हणून निवडलेले नव्हते. बहुतेकांचा डी आधीच बरा होता. पोट भरलेल्याला जेवू घालून "अन्नाचा उपयोग नाही" म्हणण्यासारखं आहे ते. २४ असलेल्या तिशीतल्या माणसाने घाबरू नये, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण इथे प्रश्न विचारणारीचा ११ आहे आणि तिला जिना चढवत नाही.

आणखी एक, एकदम मोठा डोस म्हणजे जास्त फायदा असंही नाही. ऑस्ट्रेलियात वयस्क बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले होते. २०१० साली छापून आलं की त्या जास्त पडल्या आणि जास्त हाडं मोडली.

माजघर | ५ मार्च, सकाळी ११:२०

डोसचा विषय निघाला म्हणून लिहिते, नाहीतर घरातलं असं चव्हाट्यावर मांडलं नसतं.

बाबा ७१. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा लिहिलं होतं, अक्षर नेहमीचंच. बाबांनी वाचलं 'रोज एक'. शिस्तीचा माणूस. रात्री साडेनऊला कोमट दूध, त्यात पाकीट, चमच्याने ढवळून. संपली की कोपऱ्यावरच्या दुकानातून परत आणायचे, तिथेही कुणी चिठ्ठी मागितली नाही. मी आठशे किलोमीटरवर. फोनवर म्हणायचे, "औषध अगदी वेळेवर चालू आहे हं."

सव्वा महिन्याने जेवण सुटलं. बद्धकोष्ठ, सारखी तहान, रात्री चार-पाचदा लघवीला. मग एक दिवस मला आत्याच्या नावाने हाक मारली आणि चष्मा फ्रिजमध्ये ठेवला. आम्हाला वाटलं विसरभोळेपणा सुरू झाला. दवाखान्यात कॅल्शियम १३.६ निघालं. ओट्याखालच्या डब्यात आईने रिकामी पाकिटं जपून ठेवली होती (ती काहीच टाकत नाही, त्या दिवशी उपयोग झाला), ती मोजली तर ३८. जवळपास २३ लाख युनिट. सहा दिवस सलाइन. डी चरबीत साठतो म्हणे, त्यामुळे उतरायला पुढे कित्येक महिने गेले. आता बरे आहेत. पण दूध बघितलं की तोंड फिरवतात.

कृपा करून घरातल्या म्हाताऱ्यांची पाकिटं तुम्ही मोजा.

कुरडईवाली | ५ मार्च, सकाळी ११:४०

बापरे. मी आत्ता सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आठवड्याला एक, पण चुकली की दुसऱ्या आठवड्यात दोन." बोलले त्यांच्याशी.

सहाण | ५ मार्च, दुपारी १:१५

माजघर, लिहिलंत ते फार बरं केलंत. पाकिटावर वार लिहून ठेवायचा. 'रविवार, १०', 'रविवार, १७' असं, मार्करने. मी पेशंटसमोर बसून लिहितो.

लेस्टरकर | ५ मार्च, सायं. ७:०८

इंग्लंडातून. माझा डी ४२ आला आणि इथल्या डॉक्टरने कमी म्हणून सांगितलं. इथे लोक ११ आणि २४ सांगतायत, मग मी तर राजा झाले! की डॉक्टर चुकला?

रिकामटेकडा_०७ | ५ मार्च, सायं. ७:३०

एकक बघा, एकक! तिकडे नॅनोमोल प्रति लिटर, आपल्याकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. अडीचने भागा. ४२ म्हणजे आपले १७.

लेस्टरकर | ५ मार्च, सायं. ७:३६

गेलं राज्य.

इकडे ऑक्टोबर ते मार्च ऊन पडलं तरी त्यात यूव्हीबी नसल्यातच जमा. सरकारी आरोग्य सेवा सगळ्यांनाच हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घ्यायला सांगते. आपल्यासारख्या सावळ्या लोकांनी वर्षभर विचार करावा म्हणते. आणि एक गंमत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून इथे मैद्यात कॅल्शियम घालायचा कायदा आहे, पण गव्हाच्या पूर्ण पिठाला सूट. म्हणजे शेजारीण पांढरा ब्रेड खाऊन कॅल्शियम मिळवते आणि मी पौष्टिक म्हणून कणकेच्या पोळ्या लाटत बसते.

तिरफळ | ५ मार्च, रात्री ९:००

गो बाय, तारले खा! तिरफळं घालून तिखलं कर, आंबट सोलं घाल, मंद आचेवर ठेव. लहान तारल्यांचे काटे मऊ होतात, चावून खाता येतात. काट्यात कॅल्शियम, अंगच्या तेलात डी. बांगड्यातही डी असतो. बाजारात पापलेटाचा भाव ऐकून डोळे पांढरे करणाऱ्यांनी टोपलीतल्या तारल्यांकडे बघावं. आम्ही मालवणात ऊनही खातो आणि मासेही.

दोडक्याची_शीर | ५ मार्च, रात्री ९:१२

तिरफळ, शाकाहारी आहे हो. नावावरून कळलं नाही का :)

तिरफळ | ५ मार्च, रात्री ९:१४

श्रद्धांजली.

आप्पा_बिनसाखर | ६ मार्च, सकाळी ६:५०

एक घरगुती उपाय आला आहे, डॉक्टरांनी खुलासा करावा. गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना रोज दह्यातून घेतला तर सत्तर रोग बरे होतात असे आहे.

रिकामटेकडा_०७ | ६ मार्च, सकाळी ९:२५

मी हिशोब करतो. गव्हाचा दाणा भरतो साधारण ४०-५० मिलिग्रॅम. तेवढा कोरडा चुना धरला तर त्यात जेमतेम निम्मं कॅल्शियम, म्हणजे २५. ज्या दह्यात तो कालवायचा त्या दह्याच्या दोन चमच्यांत याहून जास्त आहे. चुना काढा, दही खा.

सहाण | ६ मार्च, दुपारी २:००

रिकामटेकडा, तुमचा आयडी बदलायला हवा. भर एवढीच की दाण्याचा 'अंदाज' वाढत जातो आणि चुना तोंड, अन्ननलिका भाजतो.

मुतखड्याचा_धनी | ६ मार्च, दुपारी ४:४०

थोडं अवांतर. मला दोनदा खडे झालेत. घरचे दूध-दही बंद कर म्हणतात. आणि इथे सगळे वाढवा म्हणतायत. मरू कुठे जाऊन?

सहाण | ६ मार्च, रात्री १०:५०

मरू नका, दही खा. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ऑक्झलेट हे पालकासारख्या भाज्यांतून पोटात जाणारं द्रव्य. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. कॅल्शियम बंद केलं की ऑक्झलेट मोकळं सुटून मूत्रपिंडात जातं. म्हणून जेवणातलं तोडायचं नाही. उपाशीपोटी कॅल्शियमच्या गोळ्या मात्र टाळा, आणि खडा कसला होता ते तुमच्या डॉक्टरला विचारा.

गोळ्या घेणाऱ्यांसाठी तेवढ्यातच सांगतो. वेष्टनावर कॅल्शियम कार्बोनेट १२५० लिहिलेलं असतं, त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५००. एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेऊन फारसा फायदा नाही. कार्बोनेट जेवणासोबत घ्या. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. लोहाच्या गोळीसोबत नको.

हौशी_भाकरवाली | ७ मार्च, सकाळी १०:१०

मूळ प्रश्न बिचारा चुन्यात आणि खड्यात गाडला गेला. दोडक्याची_शीर, मी मोजून बघितलंय, सासूबाईंना हिप फ्रॅक्चर झाल्यावर.

नाचणी १०० ग्रॅमला सुमारे ३६०. माझ्या दोन भाकरींना ८० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे २९०. तिळाची चटणी, त्यात रोज पोटात जाणारे तीळ १० ग्रॅम, १२५ च्या आसपास. दीड वाटी दही, २००. शेवग्याचा पाला ५० ग्रॅम, दीडशे. तुझा चहा १४५. बाकी किरकोळ ९०-१००. झाले की हजार! कुळथाचं पिठलं केलंस तर वरकड. पालकावर भिस्त ठेवू नकोस, ऑक्झलेटमुळे त्यातलं पाच टक्केच अंगी लागतं म्हणतात. त्यापेक्षा मेथी, शेवगा.

सगळे दिवस हजार भरत नाहीत. पाहुणे आले, श्रीखंड-पुरी झाली, की हिशोब बोंबलतो. (श्रीखंड मोजायचं ठेवलंय मी. चक्का आहे ना शेवटी.)

औषधाविना | ७ मार्च, सकाळी ११:३०

नाचणीत फायटेट पण असतं. कागदावर २९० म्हणून पोटात २९० नाही.

हौशी_भाकरवाली | ७ मार्च, दुपारी १२:०५

दुधातलंही तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच लागतं, आणि हजाराची शिफारस ते धरूनच केलेली असते. नाचणीचं थोडं कमी लागत असेल, मान्य. म्हणून आठवड्यातून तीनदा मी आंबील करते. पीठ रात्री ताकात भिजवून आंबवलं की फायटेट कमी होतं. तुम्ही औषधाविना ना, मग आंबील प्या, भांडता काय!

औषधाविना | ७ मार्च, दुपारी १२:१०

पाककृती द्या, माघार घेतो.

दोडक्याची_शीर | २६ मे, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. आठ पाकिटं संपून महिना झाला. डी ३३. पॅराथायरॉइडची चाचणीही डॉक्टरांनी करून घेतली, ती नॉर्मल. नडग्यांचा ठणका चौथ्या-पाचव्या आठवड्यातच कमी झाला होता. मांड्यांना वेळ लागला, पण आता ठाणे स्टेशनचा पूल मधे न थांबता चढते. ताट परत तीन दिवस मोजलं: ८१०, ९४०, ६२०. ६२० ला भाचीचं लग्न होतं.

खरं चीज झालं ते वेगळंच. मुलाने शाळेत सांगितलं, आमच्या घरी आईचं वजन न करता भाजीचं करतात.

एक अडचण राहिली. माझी नाचणीची भाकरी थापताना कडेने फाटते आणि तव्यावर टाकताना हातात अर्धीच उरते. पीठ ताजं आहे, पाणी गरम घेते.

हौशी_भाकरवाली | २६ मे, रात्री ९:३१

नुसतं गरम नाही, उकड काढ. पाण्याला खळखळून उकळी, चिमूट मीठ, त्यात पीठ, झाकण, पाच मिनिटं. मग गरम असतानाच मळ. हात भाजतो, त्याला इलाज नाही.

आप्पा_बिनसाखर | २७ मे, सकाळी ६:४०

अभिनंदन. मीही चाचणी केली. डी १४ आला. हल्ली सूर्यनमस्कार अकरा वाजता घालतो.

खारी_बिस्कीट | २७ मे, सकाळी ८:०५

आप्पा, आणि सेक्रेटरी?

आप्पा_बिनसाखर | २७ मे, सकाळी ८:२०

सेक्रेटरी मीच आहे.